तेक्क्योन: तायक्वांदोचा आजोबा की नुसता शेजारी?

मागच्या महिन्यात भाचीची तायक्वांदोची बेल्ट परीक्षा होती, त्यात तोंडी पण असते म्हणे, आणि क्लासवाल्यांनी त्यासाठी आठ पानांची झेरॉक्स पुस्तिका दिलेली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलंय की तायक्वांदो ही २००० वर्षांची कोरियन युद्धकला आहे, आणि तिसऱ्या पानावर लिहिलंय की तायक्वांदो हे नाव १९५५ साली ठेवलं. भाची विचारते, "मामा, मग बाळाचं बारसं व्हायला २००० वर्षं लागली का?" मी आपलं कायतरी थातूरमातूर सांगितलं आणि रात्री शोधायला बसलो, आणि ह्या दोन पानांच्या मधे, दुसऱ्या पानावर एका ओळीत उरकलेला एक शब्द होता, तेक्क्योन, म्हणजे पायांनी खेळायचा एक जुना कोरियन लढतीचा खेळ. सगळी गंमत त्या एका ओळीत आहे.

ह्याचं मराठी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं सापडेल, टेकियन, तेक्यॉन, मी तेक्क्योन लिहितोय. आणि तो प्लेस्टेशनवरचा मारामारीचा गेम, टेक्केन, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, तो जपानी शब्द आहे, अर्थ लोखंडी मूठ. तेक्क्योनमधे तर मूठ वापरतच नाहीत.

दिसतं कसं ते आधी

यूट्यूबवर एखादी मॅच लावा आणि आवाज बंद करून बघा. पांढरे ढगळ कोरियन कपडे घातलेली दोन माणसं समोरासमोर, आणि दोघंही डुलतायत. गुडघ्यात वाकायचं, वजन पुढच्या पायावर टाकायचं, परत मागे घ्यायचं, पाय बदलायचा, असं सतत चालू. लेझीमचा पहिला हात शिकवताना सर जसं नुसतं पायांचं करून घ्यायचे ना, हातात लेझीम न देता, तसं काहीसं. हात पण लोंबकळत झुलतायत, पंख हलवल्यासारखे. कुणीही नवखा बघेल तर म्हणेल हे भांडण कधी सुरू होणार? आणि तेवढ्यात एकाचा पाय सर्रकन खालून जातो आणि दुसरा माणूस पाठीवर.

ह्या पायांच्या डुलण्याला फुम-बाप्की म्हणतात. 'फुम' हे एक चिनी अक्षर आहे, तीन चौकोनी डबे, एक वर दोन खाली. म्हणजे पाय टाकायच्या जागा तीन, त्रिकोणाच्या तीन टोकांसारख्या. घरी फरशीवर खडूने त्रिकोण काढा, एक टोक पुढे, दोन मागे, मागच्या दोन टोकांवर उभे राहा आणि एकदा डावा पाय पुढच्या टोकावर एकदा उजवा, तालात, झालं. हे तीन जागांचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता आवाज चालू करा. "इक्क! एक्क!" असं काहीतरी ऐकू येईल. कराटेतलं ते पोटातून ओरडणं वेगळं, हे कुणीतरी पाय घसरता घसरता वाचल्यावर जसं तोंडातून निघतं तसं आहे.

पाय पुढे ठेवायचा, कारण तो पाहुणचार आहे

मला सगळ्यात आवडलेला नियम हा. मॅचमधे तुम्ही दूर दूर राहून फिरू शकत नाही. एक पाय पुढे, समोरच्याच्या टप्प्यात ठेवावाच लागतो, घे बाबा, मार ह्याला, असं म्हटल्यासारखा. ह्याला देजॉप म्हणतात आणि रोजच्या कोरियन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ आहे आदरातिथ्य, पाहुण्याला काय हवं नको ते बघणं. म्हणजे चहा पुढे करावा तसा पाय पुढे करायचा. कबड्डीत रेडर जसा आत येतोच, त्याला बाहेरूनच कबड्डी कबड्डी करून परत जाता येत नाही, बॉक लाइन ओलांडावीच लागते, तसंच साधारण, फक्त इथे दोघंही एकाच वेळी रेडर.

जिंकायचं कसं? दोन रस्ते. एक, समोरच्याला पाडा, गुडघ्याच्या वरचा शरीराचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की संपलं. दोन, त्याच्या तोंडावर किंवा डोक्याला स्वच्छ किक लावा. संघटनेप्रमाणे नियम थोडे इकडेतिकडे होतात पण गाभा हाच. ठोसा नाही. आणि अंगावर मारायची किक ही ढकलणारी पाहिजे, फोडणारी नाही. दार लाथेने तोडणं आणि दोन्ही हातात सामान असताना दार पायाने लोटून उघडणं ह्यात जो फरक, तोच. समोरच्याला इजा न करता हरवायचं असं बंधन आहे, आणि ते पाळायला फोडणाऱ्या किकपेक्षा जास्त कंट्रोल लागतो, कारण जोरात मारणं सोपं असतं.

मग हा डान्सच झाला की

हा आक्षेप हमखास येतो. पण डुलण्याचं काम वेगळं आहे. उभा ठाकलेला माणूस पाडणं तसं सोपं, वजन कुठल्या पायावर आहे ते दिसतं. जो सतत वजन इकडून तिकडे करतोय त्याच्या कुठल्या पायाला टांग मारायची हे ठरवेपर्यंत वजन दुसरीकडे गेलेलं असतं. कुस्ती बघणाऱ्यांना हे सांगायला नको, पैलवान पण सलामी झाल्यावर पाय हलते ठेवतो. शिवाय गुडघा वाकून सरळ होताना जो झोका मिळतो त्याच्यातूनच किक निघते, वेगळी तयारी करावी लागत नाही, त्यामुळे किक येतेय हे समोरच्याला कळत नाही.

रस्त्यावरच्या मारामारीत चालेल का, हा दुसरा प्रश्न. जुन्या लोकांकडे घातक प्रकार पण होते, त्याला येत्बॉप म्हणजे जुनी पद्धत म्हणतात, त्यात हात पण वापरायचे, पण ते खेळात चालत नाहीत. मुळात हा मोहल्ल्या-मोहल्ल्यांचा खेळ होता. सोल शहरात वरची आळी विरुद्ध खालची आळी असे सामने, आधी पोरं उतरायची, मग मोठी माणसं, जिंकणारा मैदानात थांबायचा आणि हरलेल्या बाजूचा पुढचा गडी यायचा. दानो नावाचा सण असतो, चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याची पाचवी तारीख, तेव्हा जोरात. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो तसाच माहोल. १९व्या शतकातलं यू सुक नावाच्या चित्रकाराचं चित्र आहे, त्यात गोल करून बसलेली गर्दी आहे, मधे एकीकडे स्सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती चाललीय आणि दुसरीकडे दोघं जण तेक्क्योनच्या पवित्र्यात.

२००० वर्षांचं काय मग?

तर मुद्द्यावर येऊ. २००० वर्षांचा दावा करणारे लोक एक भित्तिचित्र दाखवतात. कोगुर्यो नावाचं जुनं कोरियन राज्य होतं, त्या काळच्या थडग्यांमधे भिंतींवर चित्रं आहेत, आज ती जागा चीनमधे येते. एका चित्रात दोन माणसं समोरासमोर, हात वर करून उभी. झालं, हेच तेक्क्योन, हेच तायक्वांदो! पहिलं म्हणजे ही चित्रं १५०० वर्षांच्या आसपासची, २००० नाही. दुसरं म्हणजे, समजा आणखी हजार वर्षांनी कुणाला आपला एक फोटो सापडला, दोन पोरं हात पसरून वाकून उभी आहेत, तर ती कबड्डी खेळतायत, भांडतायत की गणपतीत नाचतायत, कसं ठरवणार? चित्राखाली काही लिहिलेलं नाही.

त्यानंतर कोर्यो राजवटीत सुबाक नावाचा प्रकार मिळतो, आणि त्याचा किस्सा खरंच भारी आहे. ११७० साल, राजा उइजोंग सहलीला निघालाय, वाटेत सैनिकांना म्हणतो सुबाक खेळून दाखवा. ई सो-उंग नावाचा वयस्कर सेनानी उतरतो, दमतो, माघार घेतो. तर हान र्वे नावाचा एक तरणा दरबारी कारकून पुढे येऊन त्या म्हाताऱ्या सेनानीच्या श्रीमुखात भडकावतो आणि तो पायऱ्यांवरून खाली पडतो, राजा आणि दरबारी हसतात. सैन्य आधीच दरबारी लोकांवर खार खाऊन होतं, त्यात ही ठिणगी. त्याच रात्री कत्तल सुरू झाली, राजा गेला, आणि पुढची जवळपास शंभर वर्षं कोरियावर लष्करी सरदारांनी राज्य केलं. एका थपडेवरून!

पण सुबाक म्हणजे तेक्क्योन का? सुबाकचा शब्दशः अर्थच हाताने मारणं. तेक्क्योन पायाचं. १७९८ च्या एका शब्दकोशवजा ग्रंथात लेखक सुबाक वगैरेचा उल्लेख करून म्हणतो की ह्याला आता 'थाक्क्योन' म्हणतात, म्हणजे त्याच्या डोक्यात तरी दोन्हीचं नातं होतं. तेक्क्योनच्या नावाचा लेखी पुरावा धरायचा तर तो इथून. गंमत म्हणजे त्याच्या आठच वर्षं आधी, १७९० मधे, राजा जोंग्जोच्या हुकमावरून सैन्यासाठी २४ युद्धप्रकारांचा मोठा सचित्र ग्रंथ तयार झाला, भाले तलवारी घोडे सगळं आहे, बिनहत्यारी लढतीचं प्रकरण पण आहे, पण ते चिनी सेनापतीच्या पुस्तकावरून घेतलेलं. तेक्क्योनचं नाव नाही. सरकारच्या लेखी तो आळीतल्या पोरांचा खेळ, त्याची नोंद कोण कशाला करेल, विटीदांडूचं मॅन्युअल पेशवे दफ्तरात शोधण्यासारखंच आहे ते.

शिकागो, १८९३

तीन जागांचं सांगितलं होतं ना, ते इथे येतं. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले म्हणून आपल्याला ते साल पाठ. त्याच प्रदर्शनाला कोरियाचं शिष्टमंडळ पण आलेलं. स्ट्युअर्ट क्युलिन नावाचा अमेरिकन संशोधक जगभरचे खेळ गोळा करायचा, त्याने त्या शिष्टमंडळाच्या सेक्रेटरीला धरून कोरियन खेळांची माहिती विचारून विचारून लिहून घेतली आणि १८९५ मधे छापली. पतंग, भोवरे, सोंगट्या, आणि त्यात एक छोटा परिच्छेद तेक्क्योनवर. तो लिहितो की दोन गडी समोरासमोर पाय फाकवून उभे राहतात, एकमेकांचा पाय खालून उडवायचा प्रयत्न करतात, एक पाऊल मागे तिसऱ्या जागी घ्यायची परवानगी आहे त्यामुळे पाय कायम तीनपैकी एका जागी असतात, उंच किक चालते आणि ती हाताने पकडतात, आणि समोरच्याला पाडणं हा उद्देश.

हे वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. आज सोलमधे पोरं जे खेळतात ते हेच तर आहे, त्रिकोण, पाडणं, उंच किक, सगळं. म्हणजे २००० वर्षांचं सोडा, पण निदान सव्वाशे वर्षं मागे जाऊन, ज्याचा ह्या वादात काही फायदा तोटा नाही अशा तिऱ्हाईत माणसाने लिहिलेला पुरावा आहे. भित्तिचित्रापेक्षा मला हा परिच्छेद दहापट मोलाचा वाटतो आणि क्लासच्या पुस्तिकेत ह्याचा पत्ताच नाही.

मग हा खेळ मेला कसा?

सगळीकडे एकच उत्तर मिळतं, जपान्यांनी बंदी घातली. जपानने १९१० ते १९४५ कोरिया गिळला होता आणि त्या काळात गर्दी जमवणाऱ्या देशी खेळांची वाट लागली हे खरं. पण १९२० च्या दशकात छापलेल्या एका कोरियन पुस्तकात जुन्या चालीरीतींच्या कविता आहेत, त्यात तेक्क्योनबद्दल म्हटलंय की समोरच्याच्या डोक्यावरची शेंडीची गाठ पायाने उडवणारा सगळ्यात पटाईत, आणि पुढे असं की लोक ह्यातून सूड उगवायचे, पैजेवर बाया जिंकायचे, म्हणून अधिकाऱ्यांनी बंद पाडलं. म्हणजे जुगार आणि दंग्यांमुळे घरच्यांचाही राग होताच. शिवाय त्याआधीच्या पाचशे वर्षांच्या चोसॉन राजवटीत कन्फ्यूशियस मानणाऱ्या पुस्तकी लोकांचा वरचष्मा, लाथा मारणं त्यांच्या लेखी खालच्या दर्जाचं. जपानी राजवट हा शेवटचा धक्का, एवढंच.

एक म्हातारा

आणि आता सॉन्ग दॉक-गी. जन्म १८९३, हो, तेच शिकागोचं साल. सोलमधल्या साजिक-दोंग भागातला. लहानपणी इम हो नावाच्या नामांकित खेळाडूकडून तेक्क्योन शिकला. धनुर्विद्येत पण तरबेज, फुटबॉल पण खेळायचा, एकूण मैदानी माणूस. सगळे सोडत गेले, हा करत राहिला. देश पारतंत्र्यात गेला, स्वतंत्र झाला, फाळणी झाली, युद्ध झालं. १९५८ मधे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांच्या वाढदिवसाला त्याने प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा तो ६५ वर्षांचा होता, आणि तोपर्यंत हे नीट येणारा दुसरा माणूस शोधणं मुश्कील झालेलं.

पण त्याच्याकडे अभ्यासक्रम असा काही नव्हता. आजीला गोडा मसाल्याचं प्रमाण विचारा, ती म्हणेल धणे घे बेताने, तेलावर परतून घे, वास सुटला की काढ. बेताने म्हणजे किती? तसंच. त्याचं तेक्क्योन त्याच्या अंगात होतं, कागदावर नाही.

तिथे आला शिन हान-सुंग, छुंग्जू शहरात राहणारा, जन्म १९२८. तो १९७० च्या दशकात सॉन्गकडून शिकला, क्रम लावला, कुठली पायरी आधी कुठली नंतर, प्रकारांची नावं, एकट्याने करायचे सराव, आणि सरकारदरबारी खेटे घातले. कोरियात १९६२ पासून कायदाच आहे, जुन्या कला आणि त्या जाणणारी माणसं सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर करायचा. १ जून १९८३ ला तेक्क्योन त्या यादीत ७६ व्या क्रमांकावर गेलं, सॉन्ग आणि शिन दोघांनाही अधिकृत जाणकार म्हणून मान मिळाला. सॉन्ग तेव्हा नव्वद वर्षांचा.

चार वर्षांनी, १९८७ च्या जुलैमधे, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने दोघंही गेले. आधी शिन, जो तरुण होता, आणि मग सॉन्ग. त्यांच्या जागी पुढचा अधिकृत जाणकार, छुंग्जूचाच जोंग क्योंग-ह्वा, १९९५ मधे नेमला गेला.

एकाच माणसाकडून आलं तर अस्सल कशावरून?

रास्त शंका आहे. शिनने जे बसवलं ते सॉन्गचं किती आणि शिनचं किती ह्यावर कोरियात आजही जोरदार भांडणं आहेत. सॉन्गचे थेट शिष्य म्हणतात मापं घालताना चव गेली, छुंग्जूवाले म्हणतात मापं नसती तर मसालाच उरला नसता. त्यातून आज मुख्य चार संघटना आहेत आणि त्यांचं आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखं आहे, सूर तेच पण लावण्याची पद्धत वेगळी, आणि दुसऱ्याचं ऐकलं की नाक मुरडायचं. कुणी खेळावर भर देतं, कुणी सरकारी मान्यतेच्या क्रमावर, कुणी आळी-विरुद्ध-आळी सामन्यांवर, आणि वीदे नावाचा एक गट सॉन्गच्या आळीतली मूळ, जास्त आक्रमक पद्धत आपल्याकडे आहे म्हणतो. माझ्यापुरतं सांगायचं तर क्युलिनच्या परिच्छेदाशी ज्याचं जुळतं तेवढं मी डोळे झाकून मान्य करतो, बाकीचं त्यांचं त्यांनी भांडावं.

आणि तायक्वांदो?

आता भाचीचं उत्तर. १९४४-४५ च्या सुमारास सोलमधे ज्या पहिल्या मार्शल आर्ट शाळा निघाल्या त्या काढणारे बरेच जण जपानमधे शिकलेले आणि कराटे करून आलेले. छंगदोग्वान ही शाळा काढणारा ली वोन-कुक तर थेट गिचिन फुनाकोशींचा, म्हणजे जपानमधे शोतोकान कराटे सुरू करणाऱ्याचा शिष्य. शिकवायचे त्याला नाव पण 'तांगसूदो', म्हणजे कराटेची जुनी चिनी अक्षरं कोरियन उच्चारात वाचली की जे होतं तेच. पण नुकतं जपानच्या तावडीतून सुटलेल्या देशात लष्कराला कराटे शिकवतोय म्हणणं कसं शोभणार? १९५५ मधे जनरल चोई होंग ही ह्यांच्या पुढाकाराने तायक्वांदो हे नाव ठरलं, ते, क्वोन, दो, म्हणजे पाय, मूठ, मार्ग, आणि नाव मुद्दाम असं निवडलं की ऐकताना तेक्क्योनची आठवण यावी. चोई स्वतः पण जपानमधे कराटे शिकलेले.

म्हणजे सुरुवातीला नाव तेक्क्योनच्या आठवणीतलं आणि अंग कराटेचं. मग पुढच्या वीस-तीस वर्षांत अंग बदलत गेलं, हात कमी झाले, पाय वाढले, किक उंच गेली, स्पर्धेचे नियम तसे झाले, १९७२ मधे कुक्कीवोन हे सोलमधलं मुख्यालय बांधलं, १९७३ मधे जागतिक संघटना, १९८८ ला सोल ऑलिंपिकमधे प्रात्यक्षिक म्हणून आणि २००० ला सिडनीत पदकांसकट. आज तायक्वांदो आणि कराटे शेजारी ठेवले तर कुणीही वेगळे ओळखेल. ह्या पायांच्या वेडामागे तेक्क्योनचा हात, सॉरी, पाय किती, ह्यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी. पण गुरूकडून शिष्याकडे अशी सरळ साखळी बघायची तर ती तेक्क्योनकडे जात नाही, फुनाकोशींकडे जाते. त्याने तायक्वांदो खोटं ठरत नाही, सत्तर वर्षांत कोरियन लोकांनी त्याचं जे केलंय ते त्यांचंच आहे.

पण युनेस्कोने तर मान्य केलंय ना?

केलंय, नोव्हेंबर २०११ मधे तेक्क्योन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, आणि यादीतली पहिली मार्शल आर्ट म्हणून कोरियात त्याचं फार कौतुक झालं. तुर्कस्तानची तेल लावून खेळतात ती कुस्ती २०१० मधेच गेली होती, पण कुस्तीला मार्शल आर्ट धरायचं की नाही हा वाद आपण कोल्हापूरच्या तालमीत नको काढायला. मुद्दा असा की ती यादी म्हणजे वयाचा दाखला नव्हे. ही कला आजही लोक करतायत का, पुढच्या पिढीला शिकवतायत का, हे तिथे बघतात. तायक्वांदोचं २००० वर्षं वय त्यातून सिद्ध होत नाही, तेक्क्योनचं पण नाही.

हे सगळं मी भाचीला दोन संध्याकाळी बसून सांगितलं, खडूचा त्रिकोण पण काढला हॉलमधे, तिने मला तिसऱ्याच मिनिटाला पाडलं, सोफा होता म्हणून बरं. परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारते, "मग सरांनी विचारलं तायक्वांदो किती जुनं, तर काय सांगू?" मी म्हटलं, पुस्तिकेत आहे तेच सांग, २००० वर्षं, आधी बेल्ट घे. तिने तिथे सांगितलं, "सर, नाव ७० वर्षांचं आहे, बाकीचं मामाला विचारा." बेल्ट मिळाला. मला रविवारी क्लासवर बोलावलंय.